टॉलेफसनकडचे दोन पाहुणे

मारिट टॉलेफसनने सकाळी सख्ख्या भावाकडून कारखान्यातल्या ऑफिसची किल्ली काढून घेतली आणि दुपारी लॉर्ना स्ट्रँडला फोन केला. आधी शिक्षा आणि मग चौकशी, हा क्रम वेंडेलला काही पटला नाही. पण त्याने गाडी काढली. शाळेत पोरांना कुस्ती शिकवून तो निवृत्त झाला होता आणि आता लॉर्नाची गाडी चालवत होता. गुन्हे शोधायचं काम तिचं.

कारखाना डलुथ शहराच्या पुढे, सरोवराच्या काठाला होता. मोहरीचा सॉस आणि खारवलेल्या काकड्या, दोन पिढ्यांचा धंदा. आवारात पाऊल टाकलं की व्हिनेगरचा वास थेट नाकात शिरायचा. मारिटचं ऑफिस दोन जिने चढून वर.

"शुक्रवारी मी आर्नेला कंपनीतून कायमचा काढणार आहे," मारिट म्हणाली. "मी बरोबर आहे एवढं कुणीतरी मला सांगायला हवं."

"आणि चुकत असाल तर?" लॉर्नाने विचारलं.

"तर तेही सांगा. पण मी चुकत नाहीये."

हकिकत अशी होती. मारिटला कंपनी शेअर बाजारात न्यायची होती. सरळ रस्ता लांबचा आणि खर्चाचा, म्हणून तिने आडवाट धरली. बाजारात नाव आहे पण आत धंदा उरलेला नाही, अशी एक रिकामी कंपनी तिने हेरली. टॉलेफसन तिच्यात विलीन करायची, म्हणजे तयार घरात सामानसुमान घेऊन राहायला जायचं. सगळी बोलणी गुपचूप चालली होती. आणि घोषणेच्या तोंडावर कळलं, की शिकागोच्या बेलकोर्ट फूड्सने त्या रिकाम्या कंपनीचे शेअर कवडीमोलाने गोळा करून ठेवलेत. विलीनीकरण झालं असतं, तर बापाने उभ्या केलेल्या कारखान्यात बेलकोर्टवाले न बोलावता मोठे वाटेकरी होऊन बसले असते.

"बेलकोर्ट म्हणजे केचपवाले?" वेंडेलने विचारलं.

"केचप, सूप, सगळंच. आता आमच्या काकड्याही हव्यात त्यांना." मारिटचा आवाज चिरकला. "ही गोष्ट माझ्याशिवाय तिघांनाच ठाऊक होती. कारखाना सांभाळणारा आर्ने, हिशेब बघणारा गॉर्डन प्रुइट आणि विक्री बघणारे डेल हॉबर्ग. डेल तर बाबांच्या वेळेपासून आहेत."

"मग संशय आर्नेवरच का?"

"त्याला बाजारात जायचंच नव्हतं. मागच्या महिन्यात मी वकिलांकडे मिनियापोलिसला गेले, तर हा मला न सांगता शिकागो गाठून आला. विचारलं तर म्हणे, काम होतं. आणि त्याच दिवशी इथे विमा कंपनीचे म्हणून दोघं कारखाना बघून गेले. आमच्या विमा कंपनीने कुणाला पाठवलंच नव्हतं. भावाने दार उघडं ठेवलं आणि स्वतः बाजूला झाला, दुसरं काय?"

आर्ने खाली पिंपांजवळ एका पालथ्या टबावर बसला होता. धिप्पाड माणूस, पण चेहरा राखेसारखा. त्याने पिंपातून दोन काकड्या काढल्या. एक वेंडेलला दिली, दुसरीचा तुकडा स्वतः चावला आणि बादलीत थुंकला.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला.

"गिळत नाही तुम्ही?" लॉर्नाने विचारलं.

"चव तर कळली ना."

"शिकागोला कशाला गेला होतात?"

"काम होतं."

"बहीण तुम्हाला चोर समजतेय."

"समजू दे. हे निस्तरून कंपनी एकदा बाजारात जाऊ दे, मग सांगेन तिला."

"तुम्हाला तर ते नको होतं म्हणे."

"मला नको होतं. तिला हवंय."

"मग वर चला, तिच्यासमोर बोलू."

आर्नेने जिन्याकडे पाहिलं. "तिलाच पाठवा खाली," तो म्हणाला. वेंडेलला हा माजच वाटला.

गॉर्डन प्रुइट दार लावून घरून आणलेलं सूप पीत बसला होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "कसले पाहुणे? मी बघितलेच नाहीत. विम्याचे हप्ते मी भरतो. खरा माणूस असता तर आधी माझ्याकडे आला असता. विचारायचंय अजून काही?"

"हाच तो," बाहेर आल्यावर वेंडेल कुजबुजला.

"सूप पितो म्हणून?"

"एकटाच पितो म्हणून."

डेल हॉबर्गची गोष्टच निराळी. म्हाताऱ्याने दोघांना आग्रहाने पाहुण्यांच्या खोलीत नेलं, खुर्च्या पुढे केल्या, सोड्याचे दोन डबे समोर ठेवले.

"मीच फिरवलं हो त्यांना," तो हळहळून म्हणाला. "विम्याची माणसं म्हणाले, मी विश्वास ठेवला. आग विझवायची नळकांडी दाखवली. स्वयंपाकघर सांभाळणारी बर्निस त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, म्हणून सॉसेजसुद्धा मीच भाजून वाढले. या वयात कुणी असं उल्लू बनवावं मला?" मग तो वेंडेलकडे वळला. "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगी. लून लेक रूट बीअरच्या कारखान्यात आहे, सोडाच बनवतात तेही."

"मग आधी नाही का सांगायचं?" डेलने समोरचे डबे झटकन उचलले, फ्रिजच्या तळातून लून लेकची बाटली शोधून काढली आणि पुसून वेंडेलपुढे ठेवली. "ही घ्या. लेकीच्या घरची."

वेंडेल विरघळलाच. जगात अशी माणसं उरलीत कुठे, असं त्याला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून डेल बाहेर गेला आणि बर्निस गरम सॉसेज घेऊन आली. वेंडेलने बेलकोर्टची लाल बाटली उचलून सॉसेजवर पिळली.

"मोहरीवाल्यांच्या घरी येऊन केचप?" बर्निसने टोमणा मारला. "आणि तेही हे गुळचट. मी कायम हार्लोचं आणते. दात काढून परत आले, तर माझी बाटली सिंकखाली फडक्यांमागे, आणि टेबलावर ही."

"अहो, सगळ्या देशाच्या टेबलावर हीच असते," वेंडेल तोंड भरलेलं असताना म्हणाला. लॉर्नाने मात्र खाणं थांबवलं होतं.

ती उठली. "सगळ्यांना बोलावून आण, वेंडेल. वर नको. खाली, आर्नेजवळ."

पिंपांमध्ये सगळे उभे राहिले. आर्ने तेवढा बसलेला. मारिट त्याच्याकडे पाहतही नव्हती.

"ते दोघं विम्याचे नव्हते," लॉर्नाने सुरुवात केली. "बेलकोर्टचे होते. शेअर घेण्याआधी माल बघायला आले होते. त्यांना बोलावणारा त्या दिवशी इथेच होता." ती वळली. "डेल, वेंडेलची मुलगी लून लेकमध्ये आहे म्हटल्यावर तुम्ही समोरचे डबे का उचललेत?"

डेल हसला. "जन्म विक्रीत गेला माझा, बाई. पाहुणा ज्या घरचा, त्याच्यासमोर दुसऱ्याचा माल ठेवू नये. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"आवडलं मला. मग विमावाल्यांपुढे हार्लोचं केचप ठेवायला काय हरकत होती?"

डेलचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात जीव उरला नाही.

"बर्निस नव्हती. टेबल तुम्ही मांडलंत. तुम्हीच सांगितलंत. नेहमीची बाटली लपवून, मुद्दाम जाऊन बेलकोर्टची विकत आणलीत, कारण जेवायला बेलकोर्टची माणसं बसणार होती. दुसऱ्या कुणाच्या हे डोक्यातही आलं नसतं. प्रुइट तर दारच उघडत नाहीत. तुम्ही सगळं जपून केलंत, पण हाताची सवय काही सुटली नाही."

प्रुइटने चष्मा काढून पुसला.

"डेल?" मारिट म्हणाली. "तुम्ही मला सायकल शिकवलीत."

"शिकवली. तुझ्या बापाचा सॉस गाडीच्या डिकीत घालून गावोगाव विकला," म्हातारा म्हणाला. "आणि नव्या कंपनीत कोण कोण असणार, ते तू वाचून दाखवलंस, त्यात माझं नाव नव्हतं. बेलकोर्टने माझं नाव पहिलं घातलं होतं."

"तुम्हाला आता आराम मिळावा म्हणून—"

"मला विचारलं होतंस?"

डेलने टोपी घातली. पुढचं वकिलांशी बोलू, एवढंच म्हणून तो सगळ्यांच्या मधून बाहेर पडला. वेंडेलला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं.

"पण मग आर्ने शिकागोला कशाला गेला?" मारिटने विचारलं. विचारलं लॉर्नाला, भावाला नाही.

"काकड्यांच्या कारखान्याचा मालक स्वतःची काकडी गिळत नाही. दोन जिने चढायचं म्हटलं की बहिणीलाच खाली बोलावतो," लॉर्ना हळू आवाजात म्हणाली. "त्यांना मीठ कुणी बंद केलंय, ते विचारा."

आर्नेने पायाने बादली बाजूला सारली. "हृदय," तो म्हणाला. "तिकडचा डॉक्टर चांगला आहे म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"वकिलांनी तुला विचारलं असतं, कारखाना ज्याच्या जिवावर चालतो तो धडधाकट आहे ना? तुला खोटं बोलावं लागलं असतं. नाहीतर सगळं थांबलं असतं."

मारिटने खिशातून किल्ली काढली. सकाळपासून खिशातल्या खिशात ती मुठीत आवळून मारिटच्या तळव्यावर वळ उठला होता. तिने ती आर्नेपुढे धरली.

"राहू दे तुझ्याकडे," आर्ने म्हणाला. "वरचं दार उघडायला मला आता नाही जमत."

मारिटने त्याच्या शेजारचा दुसरा टब पालथा केला आणि त्यावर बसली. किल्ली तिने त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि हात तिथेच, छातीवर ठेवला.

"ऑफिस खाली आणते," ती म्हणाली.