पहाटे धुतलेल्या चादरी

“सिस्टर, माझ्या बायकोनं माझ्या मुलीवर विषप्रयोग केलाय,” घड्याळवाले दारातूनच म्हणाले.

सिस्टर पूर्वी नर्स होत्या. आता खासगी तपास करत. सोबतीला निवृत्त मास्तर.

पहिली बायको वारल्यावर घड्याळवाल्यांनी दुसरं लग्न केलं होतं. वर्षभर मुलीला जुलाब, पोटात कळा. “मधे बरी होते, पुन्हा पडते. आणि ही पहाटे चोरून चादरी धुते! दोन महिन्यांपूर्वी हाकलली माहेरी.”

“मग मुलगी सुधारली?”

“उलट खंगली. विष मुरलंय.”

मुलगी एकोणीस वर्षांची, मनगटं काडीसारखी. तोंडात फोड, गुडघे सुजलेले, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी.

“मधे कॉलेजच्या शिबिराला गेली होतीस ना? तिथे बरी होतीस?” सिस्टरांनी विचारलं.

“तिथे तर जास्तच झालं.”

“आई चादरी का धुवायची?”

मुलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता स्वयंपाक आत्या करत होती. “एकाच पातेल्यातलं तिघं खातो. आम्हाला काही होत नाही,” ती फणकारली.

माहेरी सावत्र आई शिलाई मशीनवर बसली होती. “चादरींचं तिलाच विचारा. मी शब्द दिलाय.”

“बाई पक्की आहे. हिनंच केलं!” बाहेर पडताच मास्तर म्हणाले.

संध्याकाळी सिस्टरांनी घड्याळवाल्यांना मुलीजवळ बसवलं.

“आई गेली, दुखणं राहिलं. शिबिरात तिचा हात नव्हता. विषानं पोट बिघडेल, मास्तर. पण ते वर्षभर येत-जात राहून तोंड, सांधे, कातडी असं सगळं धरत नाही. हा आतड्याच्या आतल्या सुजेचा आजार वाटतो. दुर्बिणीनं तपासलं की नक्की कळेल. मुळापासून जात नाही, पण औषधानं आटोक्यात राहतो. आणि चादरी... रक्त पडत होतं ना, बाळ?”

मुलगी हुंदके देऊ लागली. “झोपेतसुद्धा, बाबा. तुम्हाला कसं सांगणार? मीच आईला शपथ घातली होती.”



दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या दारात उभे राहिले. “चुकलो. घरी चल.”

तिनं मशीनवर कापड झाकलं, पिशवी भरली. “दवाखान्यात तिच्याजवळ राहीन. तुमच्या घरात नाही.”

दवाखान्यात निघालेली मुलगी बाहेर गाडीत होती; तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. शेजारी जागा होती. घड्याळवाल्यांना कुणी बसा म्हटलं नाही.