शंकरपाळ्यांचे ठसे

"भाऊ, तुमची गाडी रोज पहाटे समुद्रात जाते, मग परत कशी येते?"

विचारून टाकलं एकदाचं! कोकिळेचे कान तापले. कुंपणापलीकडे दबा धरून बसलेला रघू नक्की तोंडात मूठ कोंबून हसत असणार. हा तिचा मामेभाऊ मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून श्रीवर्धनला आला होता आणि आल्यापासून त्याचं एकच टुमणं चाललं होतं, "हिंमत असेल तर हरेश्वरभाऊंना विचार!" शाळेच्या संमेलनात भाषण ठोकून पहिला नंबर पटकावलेल्या कोकिळेला हिंमत नाही? वा रे वा!

सुपारीच्या वाडीचे मालक हरेश्वरभाऊ ओरडणार, अंगावर धावून येणार, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तूही... तूही पाहिलेस ठसे?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्या गावाने पाहिलेत, भाऊ, किनाऱ्यावरच्या वाळूत."

भाऊ तिला गाडी ठेवायच्या छपरात घेऊन गेले. आत अंधार होता आणि जुन्या तेलाचा वास. पांढऱ्या चादरीखाली गाडी पडली होती, पांघरूण घेऊन निजलेल्या माणसासारखी. भाऊंनी चादर उचलली. लालभडक, लांब नाकाची, दोघांपुरती उघडी शर्यतीची गाडी! १९३४ सालची. सत्तेचाळीस साली देश सोडून जाताना एका इंग्रज साहेबाने ती भाऊंना दिली होती. गेल्या वर्षी तिच्या टायरांना भेगा पडल्या, म्हणून आता ती चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकंसुद्धा नव्हती तिला!

"शंकरपाळ्यांसारख्या नक्षीचे टायर सगळ्या पंचक्रोशीत फक्त हिला होते," भाऊ म्हणाले. "वाळूत ठसे त्याच नक्षीचे! मी कोठी उघडून पाहिली, तर चारही जुने टायर गायब. कोठीची चावी कोणाकडे? करमअलीकडे! तोच पहाटे चाकं चढवून गाडी पिटाळत असणार. मुंबईहून नवे टायर ठरले, की शनिवारी त्याला नारळ देणार!"

"पण ठसे पाण्यात जातात, परत येत नाहीत. ते कसं?"

भाऊंनी चादर घाईघाईने खाली सोडली.

करमअलीचाचा गाडीचे मिस्त्री. छपरामागच्या खोलीत ते नातीबरोबर राहत. नात जहुरा ही कोकिळेच्या वर्गातली, एकाच बाकावरची.

"नानांनी कुराणावर हात ठेवून सांगितलं, टायर घेतले नाहीत," विहिरीवर कोकिळा आणि रघूजवळ बसून जहुरा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "भाऊ ऐकतच नाहीत. शनिवारी आम्ही उरणला खालाकडे, माझ्या मावशीकडे, जाणार. खालाची चार पोरं आहेत. मी ती सांभाळायची. शाळा बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद!"

"छट्! आज बुधवार आहे," कोकिळा म्हणाली. "अजून तीन दिवस आहेत. रघ्या, उद्या पहाटे उठायचं."

"मी? भूत बघायला?" रघू दोन पावलं मागे सरकला. "माझं पोट दुखणारे उद्या."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिघं केवड्याच्या बनाशी पोहोचली. ओहोटी लागली होती. समुद्र दूरवर कुठेतरी कुजबुजत होता आणि पाण्यावरच्या ओल्या धुक्यात काहीच धड दिसत नव्हतं. वारा पडलेला. एक कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

कुंईऽऽ... कुंईऽऽ...

"ऐकलंस?" रघूने कोकिळेचा दंड घट्ट धरला.

कुंईऽऽ... आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज. सर्रर्र... सर्रर्र... कोणी तरी लांबलचक काहीतरी फरफटत नेत होतं. मग खडकांपलीकडे पाणी खळबळलं आणि सगळं शांत झालं.

तिघं धावत सुटली. किनाऱ्यावर कोणी नव्हतं! केवड्याच्या बनापासून खाडीच्या तोंडाकडे दोन सरळ रेषा गेल्या होत्या. ठसठशीत शंकरपाळ्या, एकीला एक लागून. इतक्या ताज्या की प्रत्येकीत पाणी झिरपत होतं, बुडबुडे फुटत होते. रेषा पाण्यात शिरल्या होत्या. बाहेर आल्याची खूण कुठेच नव्हती.

आणि दोन रेषांच्या मधे वाळू विंचरलेली होती! शेकडो बारीक बारीक रेघा, एका लांब केसांच्या बाईला कोणी वाळूवरून ओढत नेल्यासारख्या.

"केस!" रघू किंचाळला. "साहेबाची मडम! गावातली पोरं सांगतात, ती गाडीमागून केस सोडून जाते! कोके, माणसाचं पाऊल बघ कुठे आहे का? एकही नाहीये!"

खरंच नव्हतं. पळावं? पाय तर निघालेच होते. तेवढ्यात तिचं लक्ष जहुराकडे गेलं. जहुरा पळाली नव्हती. ती ठशांकडे एकटक बघत उभी होती. तिला पळून चालणार नव्हतं.

कोकिळा परत फिरली आणि सरळ गुडघ्यांवर बसली.

"जहुरा, इथे नक्षी तुटलीय. ही आडवी रेघ बघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गोल ठिपके. दोन इकडे, दोन तिकडे."

"पुढे पुन्हा आहे!" जहुरा चार पावलं पुढे जाऊन ओरडली. "आणि त्याच्यापुढे पुन्हा!"

"टायर फाटला असेल," रघू लांबूनच म्हणाला.

"फाटला तर रेघ वेडीवाकडी येईल. ही सुरीने कापल्यासारखी आहे. शिवण आहे ही!"

"टायरला शिवण नसते," जहुरा म्हणाली. "नाना सांगतात, टायर अखंड असतो, बांगडीसारखा."

कोकिळेने वेणीची लांबलचक रिबीन सोडली. एका शिवणीपासून दुसरीपर्यंत ती ताणून धरली आणि तिथे गाठ मारली.

"रघ्या, भूत असं मोजू देतं का रे?"

भाऊंच्या ओटीवर मुंबईच्या व्यापाऱ्याने पसंतीसाठी बोटीने पाठवलेले दोन टायर टेकून ठेवले होते. दोन्ही लाल गाडीच्याच मापाचे. कोकिळेने एकाभोवती रिबीन गुंडाळली. गाठीपर्यंतची रिबीन दीड वीत कमी पडली!

"म्हणजे चाक लहान आहे!" ती उडीच मारणार होती. "गाडी नव्हेच ती! कोणी तरी जुना टायर कापून लहान चाकावर ठोकलाय. ठिपके म्हणजे खिळ्यांची डोकी!"

"मग कापून उरलेला तुकडा कुठे गेला?" जहुराने विचारलं.

त्याचं उत्तर विहिरीच्या रहाटापाशी चिखलात पडलेलं होतं. पाटाच्या कडेने शंकरपाळ्या चालल्या होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे...

"आई गं!" रघू म्हणाला. "गाडी दोन पायांवर चालायला लागली!"

ठशांमागून तिघं वाडीच्या टोकाला पोहोचली. तिथे वाडीचा जुना गडी धर्माजी मजेत गुणगुणत, ओल्या झावळ्यांचे झाप विणत बसला होता. पावसाआधी छपरावर घालायला. शेजारी त्याच्या चपला. मागे भिंतीला टेकलेला हातगाडा, आणि गाड्याच्या लाकडी चाकांवर खिळ्यांनी ठोकलेलं काळं रबर!

कोकिळेने चप्पल उलटी केली. शंकरपाळ्या!

"धर्माजीकाका, चप्पल झकास आहे हो!"

"मंग! भाऊंची किरपा," धर्माजी खुलला. "धा वरसं झिजायची न्हाय. आजून दोन टायर पडल्यात घरात."

"आणि रोज पहाटे गाडा घेऊन कुठे जाता?"

"खाडीवं. झावळ्या खाऱ्या पान्यात भिजवाया नकोत? त्याबिगर झाप कसा वळंल? ओहोटीला जायाचं, दगडाखाली झावळ्या दाबायच्या, आन् रिकामा गाडा खाडीतनंच घरामागं काढायचा. तितं चढ न्हाय. चाकाला त्याल न्हाय, कुंई कुंई वरडतंय नुसतं."

"झावळ्यांचे शेंडे गाड्यामागे लोंबतात?"

"लोंबत्यात की हातभर! माजी पावलंबी झाडून काडत्यात."

मडमेचे केस!

दहा मिनिटांत धर्माजी, करमअलीचाचा आणि हरेश्वरभाऊ असे तिघे ओटीवर समोरासमोर उभे होते.

"तूच चोर तर!" भाऊ धर्माजीवर कडाडले.

"चोर? म्या?" धर्माजी भडकला. "शिमग्याला तुमीच बोललाव न्हवं, 'धर्म्या, कोठीतली ती रबरं उचल, जागा अडवत्यात'? करमअलीभाय लेकीकडं गेलेलं. चावी तुमच्याच कमरंला! कोठी तुमीच उघडून दिलीत!"

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "उघडली होती रे... मीच उघडली होती!" ते करमअलीचाचांकडे वळले. "मिस्त्री, माझं चुकलं. तुम्ही कुठे जायचं नाही."

"मी कुठं जात होतो, साहेब? तुम्ही पाठवत होता," चाचा म्हणाले.

वातावरण निवळावं म्हणून भाऊ टायरांकडे गेले आणि शंकरपाळ्यांच्या नक्षीच्या टायरवर त्यांनी थाप मारली. "चला, हे काम उरकू. मी हेच मागवणार! तीच नक्षी, काय चकाकतायत!"

"साहेब, तो दुसरा घ्या. सरळ रेघांचा," चाचा म्हणाले.

"तो मळका? मुळीच नाही!"

"भाऊ, एक मिनिट," कोकिळा मधेच बोलली. ती दोन्ही टायर गडगडवत रहाटाजवळच्या ओल्या मातीत घेऊन गेली. मळका टायर फिरला. लांब सरळ रेघा, कुठे खंड नाही. मग चकाकणारा फिरला. शंकरपाळ्या, शंकरपाळ्या... आणि मधेच एक केसाएवढी आडवी रेघ!

"शिवण!" जहुरा आणि रघू एकदम ओरडले.

करमअलीचाचांनी त्या जागी नख घातलं. "रिसोल आहे, साहेब. मेलेल्या टायरवर नवं रबर चढवलंय. मला नुसता वासावरून संशय होता. भर वेगात ही साल सुटली असती, तर गाडी तुम्हाला घेऊन उलटली असती."

भाऊंनी तो चकाकणारा टायर लाथेने आडवा केला.

"सांग बाई, कोणते मागवू?" त्यांनी विचारलं, तेही करमअलीचाचांना नाही, मुंबईच्या व्यापाऱ्याला नाही, कोकिळेला!

"मळके! चारही सरळ रेघांचे. आणि आले की एकेक ओल्या मातीत फिरवून मगच घ्यायचे."

संध्याकाळी भाऊ स्वतः कोकिळेच्या घरी आले. "अंबाजीमास्तर, तुमच्या लेकीने माझी अब्रू वाचवली, मिस्त्रींची भाकरी वाचवली आणि बहुधा माझी मानही वाचवली!" ते गेल्यावर बाबा उगीचच अंगणात येरझारा घालत राहिले, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. आईने कोकिळेच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं.

"गुणाची गं माझी बाय," आई म्हणाली. "आता उरलेली सुट्टी तरी घरात बस. मनुबाईकडे शिवणाचा वर्ग सुरू होतोय."

कोकिळेने घास गिळला, ती पाणी प्यायली आणि ताठ बसली.

"आई, बाबा, सोमवारपासून जहुरा आणि मी करमअलीचाचांच्या हाताखाली काम करणार. आधी चाकं, मग इंजिन, मग गाडी चालवणं. चाचा हो म्हणालेत, भाऊ हो म्हणालेत. जुना परकर तेवढा काढून ठेव, आई. तेलाचे डाग निघत नाहीत म्हणे!"