लज्जामापकाची साक्ष

सुनंदा वायदंडेनं पाकीट टेबलावरून सरकवलं आणि तिथल्या यंत्राचा तिच्या बाजूचा दिवा लाल झाला. समोर डायलिसिसच्या पाळ्या लावणारा पाठारे. त्याच्या बाजूचा दिवा हिरवा. त्यानं पाकीट खिशात घातलं आणि जांभई दिली.

"ताई, टेन्शन फार घेता बघा तुम्ही."

सापळा तिच्याच तक्रारीवरून लागला होता. सरकारी दवाखान्यात नवऱ्याची पाळी पाठारे पाकिटाशिवाय लावत नव्हता. लोकदक्षता मंडळानंच तिला पाकीट द्यायला सांगितलं होतं. आणि तासाभरात मंडळाच्या कचेरीत आरोपी म्हणून उभी होती ती.

पूर्वी नोटांना पावडर लावायचे, पंच बसवायचे. पंच फितूर व्हायचे. मग लज्जामापक आला. आपण चुकतोय हे आतून कळलं की माणसाच्या घामात एक द्रव्य उतरतं. ते हवेतून टिपणारं हे यंत्र. माणूस खोटं बोलेल, घाम बोलणार नाही, असं म्हणत सरकारनं दिव्याचीच साक्ष अंतिम ठरवली. पहिल्या वर्षी तुरुंग भरले. आता वर्षानुवर्षं एकही लाचखोर सापडत नव्हता. मंडळ पेढे वाटत होतं.

"पाकीट त्याच्या खिशात आहे, साहेब! हात घालून बघा की," सुनंदा म्हणाली.

"हिरव्या माणसाची झडती बेकायदा आहे," डॉ. निरगुडकर म्हणाले. यंत्र त्यांनीच बनवलेलं.

"मग तुमचं यंत्र मोडकंय."

"यंत्र ठणठणीत आहे. ते लाच ओळखत नाही, बाई, लाज ओळखतं. लाज होती ते सगळे पहिल्या झटक्यात आत गेले. उरले ते…"

"निगरगट्ट."

"कागदोपत्री स्वच्छ. बढत्याही त्यांनाच."

"चोरी त्याची, आणि घाम मला?"

"तुम्हाला अजून कळतं म्हणून."

"हे मंडळाला सांगितलंत?"

डॉक्टरांनी आपल्या टेबलावरच्या दिव्यावर टाकलेला रुमाल सारखा केला.

"या खेपेला समज देऊन सोडतील," ते म्हणाले. "पुन्हा लाल झालात तर तुरुंग."

"परवा ह्यांची पाळी आहे. पाकीट नाही दिलं तर माणूस जाईल माझा."

"मग लाज वाटू देऊ नका. सगळेच देतात, असं घोकत राहा. मुरतं हळूहळू अंगात."

भाकऱ्या थापताना ती घोकत राहिली. नवऱ्याचे सुजलेले पाय चेपताना घोकत राहिली.

तिसऱ्या दिवशी पाठारेनं पाकीट घेतलं. दोन्ही दिवे हिरवे.

"शिकलात की, ताई!" म्हणत त्यानं यादीतलं वरचं नाव खोडलं. ते नाव ज्याचं होतं तो म्हातारा बाकावर बसलेला होता. त्याची लेक धावत टेबलापाशी आली. "अहो, काल रात्रीपासून दम लागलाय त्यांना! आमचीच पाळी आहे ही!"

सुनंदानं तिच्याकडे पाहिलं. मग दिव्याकडे. रंग तसूभरही बदलला नव्हता.

"अहो, उठा," तिनं नवऱ्याला हाक मारली. "आपला नंबर आला."