कस्तुरानं न दिलेलं उत्तर

जोगबाईंनी जोड्या लावायची चिठ्ठी उघडली, माझ्या नावापुढे रंगनाथचं नाव वाचलं आणि मी आधी मागे वळून बघितलं. मागच्या बाकावर माझा चुलतभाऊ काकासाहेब बसला होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजात घातलं ते त्याच्याच भरवशावर. आपली लंका कुठल्या पोराशी बोलताना दिसली तर दुसऱ्या दिवसापासून घरी, असं त्यांनी त्याला माझ्यादेखत बजावलं होतं.

जोगबाई मराठी शिकवायच्या, पण त्यांची तऱ्हाच न्यारी. कादंबरी नुसती वाचून कळत नाही, म्हणायच्या, त्यातल्या माणसाच्या जागी बसून लिहा. त्या दिवशीचा प्रसंग होता विहिरीवरचा. हैबती कस्तुराला विचारतो, माझ्याशी लग्न करशील? ती घागर उचलते आणि न बोलता निघून जाते. का, ते लेखकानं सांगितलेलंच नाही. आता मुलानं कस्तुरा होऊन लिहायचं, मुलीनं त्याच कागदावर हैबती होऊन उत्तर द्यायचं, आणि दोघांनी उभं राहून वाचायचं.

वर्गाचं मत ठरलेलं होतं – कस्तुरा गर्विष्ठ. माझंही तेच. सोनई गावचा हा रंगनाथ मात्र पेनचं टोपण चावत बराच वेळ लिहीत राहिला. मग त्यानं कागद सरकवला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागता लागता राहिली... मी इतकी दचकले की त्याला हसू आलं.

‘मी खात न्हाई,’ तो पुटपुटला.

‘तुम्ही नाही खाणार. मागचा खाईल.’

त्यानं मागे वळून बघितलं नाही. शहाणा होता.

कागदावर होतं – ‘मी गर्विष्ठ नाही. मला भीती वाटते. तुला हो म्हटलेलं कुणी ऐकलं, तर उद्यापासून मला पाण्यालाही पाठवणार नाहीत.’

मी ते पुन्हा एकदा वाचलं. ही कस्तुरा होती, की मी? कुणीतरी मला इतकं नीट बघत होतं आणि मला पत्ताच नव्हता. भीती वाटली, आणि खरं सांगते, फार बरंही वाटलं. मग त्याच्याखाली मी हैबतीचं उत्तर लिहिलं.

वाचायची पाळी आली तेव्हा आम्ही दोघं उभे राहिलो, आधी त्यानं कस्तुराचं वाचलं. मागचं बाक करकरलं.

‘तू आत्ता बोलू नकोस,’ मी हैबती होऊन वाचलं. ‘सगळी भीती तुझ्या एकटीच्याच वाट्याला का? मी तुझ्या वडिलांना येऊन विचारीन.’

बाई म्हणाल्या, आज कस्तुरा कळली तुम्हाला. काकासाहेबानं जांभई दिली. त्याला तो अभ्यासच वाटला होता.

तास सुटल्यावर रंगनाथ जिन्याखाली थांबला होता. वरून काकासाहेबाच्या वहाणा वाजत होत्या.

‘हैबतीचं मला ठाव न्हाई,’ तो घाईनं म्हणाला. ‘पण मी... मामाला घिऊन येऊ का तुमच्या दादांकडं? आदी तुमी सांगा. तुमाला इचारल्याबिगर न्हाई येनार.’

वहाणा जवळ आल्या. मान खाली घालून निघून जाणं किती सोपं होतं. पण मी जागची हलले नाही.

‘या,’ मी म्हणाले.

काकासाहेब शेवटच्या पायरीवर येऊन थबकला. ‘काय म्हनतोय गं ह्यो?’

‘आपल्या घरी यायचं म्हणतोय, दादांना भेटायला,’ मी त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले. ‘मी या म्हटलंय.’