पाण्याला भोंगा नसतो

"हलू नको गो बाय. हललीस की खाली गेलीस."

मागून आवाज आला आणि मी थिजलेच. शिवडीच्या जेट्टीपुढच्या चिखलात मी मांडीपर्यंत रुतले होते. समोर फाटक्या जाळ्यात एक शेकाट्या पक्षी तडफडत होता... काडीसारखे लांब तांबडे पाय, पांढरं पोट. जेट्टीवरचे सगळे गुलाबी रोहित पक्ष्यांकडे बघण्यात दंग, आणि मला मेलीला नेमका हा दिसला. एरवी मी पाल दिसली तरी खोली डोक्यावर घेते. पण दर हिवाळ्यात पक्षी मोजायला येणारी मी, त्याला मरताना कशी बघणार?

फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत एक कोळी पोरगा जवळ आला.

"आधी त्याला सोडवा," मी म्हटलं.

"आधी तू. पानी फिरलंय."

मघाशी लांब असलेली पाण्याची चमकती रेघ आता जवळ दिसत होती. "पण ओहोटी आहे ना अजून?"

"होती. बोलन्यावरून लालबाग-परळची वाटतेस. गिरनगावात भोंग्याची सवय. पान्याला भोंगा नसतो गो."

बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तरी आमचं घर अजून भोंग्याच्या वेळेलाच उठतं. एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा दात वाजत होते.

"आधी पक्षी," मी हट्टाला पेटले.

त्याने सुरी काढली आणि थबकला. "आमचंच जालं हाय. बापाला काय सांगू?"

"मासा मोठा होता म्हणा."

तो हसला... आणि त्याने जाळं कापलं. मी ओढणीने शेकाट्याचं डोकं झाकलं, तसा तो शांत झाला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तू निसटशील याची. घट्ट धर."

एका हाताने पक्षी कवटाळून मी दुसऱ्याने त्याचा हात धरला आणि त्याने मला फळीवर ओढून घेतलं. जेट्टीवर पोचल्यावरही हात सोडायचं कुणालाच सुचलं नाही. शेकाट्या उडाला, तेव्हा कुठे मी त्या पोराला नाव विचारलं. हरेश्वर.

त्यानंतर हरेश्वरमुळे कोळीवाड्यातली फाटकी जाळी चिखलात पडेनाशी झाली. मी पक्षी मोजत असले, की पाणी फिरताच तो जेट्टीवर पत्र्याचा डबा बडवायचा. "तुझा भोंगा," म्हणायचा.

मग एका संध्याकाळी वारा उठला. सगळ्या होड्या परतल्या, त्याची नाही. लाटा जेट्टीवर आपटत होत्या आणि मला एकच दिसत होतं, रिकामं पाणी. मी तो डबा उचलला आणि बडवत सुटले. हात सोलवटले, तरी थांबायचा धीर होईना...

खूप वेळाने खाडीतून ठक्-ठक् आली. होडीची फळी कुणीतरी वाजवत होतं.

भिजलेला हरेश्वर वर चढला. "कशाला बडवतेस गो? पानी कुठं फिरलंय अजून?"

"घरी यायची वेळ झाली म्हणून."

"कुनाच्या घरी?"

मला रडूच फुटलं. "आपल्या," मी म्हटलं.

माझ्या हातातला डबा त्याने हळूच काढून घेतला आणि सोलवटलेले तळवे आपल्या ओल्या हातांत धरले.