मधली चौकट

त्या काळी संगणकाच्या पडद्यावर माणसं मुक्कामाला असत. बोलणं संपलं तरी त्यांची चौकट बंद होत नसे. कॅनडातल्या हॅलिफॅक्सची लेक नाशिकच्या वडिलांना चोवीस तास दिसत राही. जेवताना, वाचताना, झोपलेली. अशा चौकटीला सहवासपट म्हणत.

रेवतीचे वडील, अप्पा, वारल्यावर तिने त्यांचा पडदा नीट पाहिला. मधोमध, वीतभर रुंद, हॅलिफॅक्सला राहणारी धाकटी बहीण शलाका. खाली डाव्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी, रेवती स्वतः. रोज दोन गल्ल्या ओलांडून डबा आणि औषधं आणणारी.

संगणक पिशवीत घालून तिने ही मांडणी ठरवणाऱ्या डॉ. टिळेकरांची प्रयोगशाळा गाठली.

"हे अप्पांनी केलं, की तुम्ही?"

"आम्ही," टिळेकर म्हणाले. "ही आद्यमांडणी. पडदा पहिल्यांदा उघडला की आपोआप समोर येते ती. लांबचं माणूस मोठं, मध्ये. जवळचं छोटं, कडेला. जवळचं काय, प्रत्यक्ष भेटतंच."

"त्यांना बदलता आली असती?"

"बोटाने ओढायचं, बस्स. पण ताई, ओढत कुणी नाही. मीसुद्धा घरी ओढलेली नाही."

"म्हणजे शलाका जास्त लाडकी नव्हती."

टिळेकरांनी चष्मा काढला. "डोळा मोठ्या आणि मधल्या गोष्टीवर आपसूक जातो. जिथे नजर रेंगाळते, तिथली आधी सवय होते, मग काळजी वाटू लागते. काही महिन्यांनी मन त्यालाच माया समजतं. सुरुवातीला नसेलही लाडकी. नंतर झाली असेल."

"खरी माया आणि ही, वेगळी ओळखता येते?"

"नाही. आमच्या मोजमापात दोन्ही सारखीच."

रेवती डबा घेऊन गेली की भर दुपारी अप्पा मान न वळवता म्हणायचे, "हळू ठेव गं डबा, शलाका झोपलीय."

"त्यांनीच निवडली असती ना," रेवती म्हणाली, "तर तिच्यावर जळता तरी आलं असतं."

"आता नाही जळत?"

"जळतेय की. फक्त कुणावर, ते तुम्ही काढून घेतलंत."

टिळेकरांनी चष्मा पुन्हा चढवला. "पुढची मांडणी आता ठरतेय. जवळच्यांना मोठं करावं का, यावर समितीत निम्मे इकडे, निम्मे तिकडे. बाहेरच्या एका माणसाचं मत घ्यायचंय. तुम्ही द्याल? पण विचार करा. लांबची मुलं कोपऱ्यात जातील, आणि आईबापांना पत्ताही लागणार नाही."

रेवतीला शलाकाचा रडवेला आवाज आठवला. अंत्यविधीला तिला पोचता आलं नव्हतं. "मला शेवटपर्यंत दिसत होते गं ते," ती म्हणाली होती.

शेवटपर्यंत.

"करा मोठं," रेवती म्हणाली.

दिवाळीच्या आत नवी मांडणी घरोघर पोचली. साताऱ्यात एक आई मेलबर्नच्या मुलाशी बोलता बोलता उठली आणि पलीकडच्या खोलीत धाकट्या सुनेशी गप्पा मारायला गेली. आपण मध्येच उठलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत मुलगा अजून बोलत होता.