तिसऱ्या फाटकापलीकडे

"जरा उठता का? मला ही खुर्ची हवी आहे."

तिनं मान वर केली. समोर विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस उभा होता. बुडालेल्या गेम कंपनीचं सामान विकायला काढलं होतं, आणि हॉलभर लोक टेबलं ठोकून, खुर्च्या दाबून बघत होते.

"ही नाही मिळायची," ती म्हणाली. "शुक्रवारी चारला आमच्या गेमचा सर्व्हर बंद होणार. तोवर मी हिच्यावरून हलणार नाही."

"इतकं काय आहे त्यात?"

"चार वर्षं या गेममधल्या प्रत्येक भिंतीला खांदा लावून चाललेय मी. कुठं भोक आहे का, माणूस आरपार जातो का, ते बघायचं. सगळे भिंतवालीच म्हणतात मला. आणि आपण?"

तो घुटमळला. "मी... गेमबद्दल लिहितो. तुमच्या गेमवर मागे एक लेख..."

"अगं बाई! खडूस!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. ऑफिसात त्याला दुसरं नाव नव्हतं.

तो हसला. हसल्यावर तो मुळीच खडूस दिसत नव्हता, याचाच तिला जास्त राग आला.

"तुमच्या लेखानं दोनशे माणसं घरी बसली."

"माझ्या लेखात एवढा दम असता तर मालकांनाच नसतं घरी बसवलं? एक गेम चालला म्हणून तसेच आठ काढले. हा तर अर्धा कच्चाच बाजारात आणला. वर प्रत्येक फाटकाला कुलूप, आणि किल्ली विकत! माणूस खेळायला येतो हो, खिसा रिकामा करायला नाही."

हेच ती मीटिंगमध्ये बोलली होती आणि गप्प बसवली गेली होती. पण परक्याच्या तोंडून ऐकताना झोंबलंच.

"शेवटपर्यंत खेळलात?"

तो खुर्चीच्या चाकाकडे बघू लागला. "तिसऱ्या फाटकापर्यंत. किल्ली घ्यायची नाही असं ठरवलं होतं."

"म्हणजे पुढचं न बघताच लिहिलंत?"

"...हो."

ती समोरच्या पडद्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "तिसऱ्या फाटकापलीकडे नदीकाठी एक वस्ती आहे. भिंती तपासता तपासता मी स्वतः बांधलेली. तिथं विकण्यासारखं काही नाही, म्हणून मालकांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. शुक्रवारनंतर ती कुठंच नसेल."

त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "मला दाखवता?"

तो रोज दुपारी येऊ लागला. आजूबाजूची टेबलं एकेक करून जात होती, आणि ही दोघं एका पडद्यापुढं.

"फाटकाशेजारच्या भिंतीला डावा खांदा लावा, तिथं भोक आहे. अलगद! धडका काय मारताय?"

"लिहितानाही माझं असंच होतं."

"ते वाचलंय आम्ही."

बटणं दाखवताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागत, आणि दोघंही काही झालंच नाही असा चेहरा करत. वस्तीत ऊन कलायचं. दोरीवरचे कपडे हलायचे. बोलका माणूस, पण तिथं पोचला की मुका व्हायचा. त्याच्या चेहऱ्यावर ते खोटं ऊन पडलेलं ती बघत राही... आणि घरी जाताना तिला उगाचच पोरकं वाटे.

शुक्रवारी ती म्हणाली, "आज संध्याकाळची बस आहे. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. आई म्हणते, हातची घालवू नकोस. तिथं दाखवायला दोन ओळी लिहा ना... गेम चांगला होता म्हणून."

त्यानं मान हलवली. "चांगला नव्हता."

"एवढं बघूनही?" तिचे डोळे भरले.

"एवढं बघून तर जास्तच चीड आली. अशी वस्ती उभी करणारं माणूस घरात असताना हे किल्ल्या विकत बसले! तेच लिहीन. आणि मी तिसऱ्या फाटकाशी थांबलो, चुकलो, हेही लिहीन. नावानिशी."

खोटी स्तुती तिनं चार वर्षं मीटिंगमध्ये पोटभर ऐकली होती. हे ऐकून मात्र तिला रडूच फुटलं. तेवढ्यात पडदा काळा झाला. चार वाजले होते. बटणांवरचा हात मात्र दोघांनीही काढला नाही.

बसपाशी त्यानं तिची बॅग वर चढवली.

"जाऊ नका," तो एकदम म्हणाला.

"हे तुमचं मत का?"

"मतं माझ्याकडे ढीगभर आहेत. हे... हे तसलं नाही."

"जावं तर लागेलच," ती म्हणाली. "पण तुम्ही या. लेख घेऊन या, नाहीतर हात हलवत या."

आणि लाल झालेला चेहरा लपवत ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली. पण बस काही सुटेना. ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत उभा. काच बंद, दोघं समोरासमोर, बोलायची सोय नाही. आधी दोघांना लाज वाटली. मग हसू आलं. मग दोघंही नुसतीच बघत राहिली.

बस हलली तेव्हा त्यानं हात वर केला. तिनं केला नाही. हात हलवला की निरोप झाला, आणि तिला तो घ्यायचाच नव्हता.